बुरूजवाल्या बाबांचा जन्म आणि बदली

मरियमबीला शारजाला आणायचं ठरलं तेव्हा आमच्या सासऱ्यांनी एकच अट घातली. मुलीच्या डोक्यावर छप्पर कसलंही असू दे, पण त्या छपराखाली परकी माणसं नकोत. अट वावगी नव्हती. मी तेव्हा रोल्ला भागातल्या मोठ्या वडाच्या झाडाजवळ एका खोलीत राहत होतो आणि त्या खोलीत रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक तालुके राहत होते. दापोली खिडकीशी झोपायची, राजापूर दाराशी, आणि खेडवाले रात्रपाळीचे असल्यामुळे दिवसा माझ्या गादीवर.

लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण संसार झाला होता तो सुट्टीपुरता. मरियमबीचा चेहरा आठवायला मला तिचा फोटो काढून बघावा लागायचा, आणि फोटोतही ती रागावलेलीच होती. मला ती इथे हवी होती. हे चारचौघांत कसं सांगणार, म्हणून मी सगळ्यांना सांगायचो की खानावळीचं जेवण सोसत नाही. ते खानावळवाल्या मैमुनाबींच्या कानावर गेलं आणि पुढे आठवडाभर माझ्या रश्शात मटणाचा तुकडा म्हणून आला नाही, नुसते बटाटे.

ही गोष्ट चौसष्ट-पासष्ट सालची. तेव्हा शारजात भाड्याचं घर मिळणं म्हणजे वाळूत विहीर लागण्यासारखं होतं. विहीर मात्र एके ठिकाणी लागलेली होती. अजमानकडे जाणाऱ्या वाटेवर, वस्ती संपते तिथे, एक एकटं घर उभं होतं. घर कसलं, गढीच. समुद्रातल्या दगडांच्या जाड भिंती, एकच दार, तेही असं की वाकून जावं लागे, कोपऱ्यात गोल बुरूज आणि बुरुजाला बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती भोकं. आत विहीर आणि दोन खोल्या, दाराबाहेर चार खजुरी. आजूबाजूला एकही घर नव्हतं तेव्हा सालमीन नावाच्या माणसाने ती बांधली. लुटारू टोळ्या आल्या, गेल्या, पण सालमीन हलला नाही. आता त्याचा नातू अहमद तिचा मालक होता. मालकाला इकडे अर्बाब म्हणतात. अर्बाब अहमद शहरातल्या सिमेंटच्या घरात राहायचे, आणि तरुणपणी मोती घेऊन मुंबईच्या वाऱ्या केलेल्या असल्यामुळे हिंदी झकास बोलायचे. शिव्या तर थेट भेंडीबाजारच्या.

मी घर मागायला गेलो तेव्हा अर्बाबांच्या डोक्यात वेगळंच वारं होतं. पेट्रोल शोधत फिरणाऱ्या एका गोऱ्याने त्यांना सांगितलं होतं की आमच्या मुलखात असं घर असलं तर लोक रस्त्याच्या कडेला दगड लावतात. दगडावर घर बांधणाऱ्याचं नाव आणि त्याची कर्तबगारी. येणारे-जाणारे गाडी थांबवून वाचतात आणि टोपी काढतात.

"तू टाइपरायटर चलाता है ना?" अर्बाब म्हणाले. "मेरे दादा का पत्थर बना दे. घर तेरा. नहीं बना तो खलास."

टाइपरायटरचा आणि दगडाचा काय संबंध, हे विचारायला हवं होतं. पण मरियमबीचं बोटीचं तिकीट निघालं होतं. मी हो म्हणालो. अर्बाब निश्चिंत मनाने उन्हाळ्यापुरते आत डोंगराकडच्या त्यांच्या खजुरीच्या बागेत निघून गेले, आणि मी हात दाखवून अवलक्षण करायला मोकळा झालो.

माझं ड्राफ्टिंग चांगलं आहे. हे मी म्हणत नाही, आमच्या शिपिंग ऑफिसातले साहेब म्हणायचे. त्यामुळे मजकूर मी एका बैठकीत इंग्रजीत उतरवला. सालमीन इथे आला. त्याने विहीर खोदली. त्याने भिंत बांधली. त्याने शत्रूला तोंड दिलं. मधूनमधून दोन-तीन जड शब्द पेरले, जे मला स्वतःलाही आवडले. पण खोलीत एखादी गोष्ट मोठ्याने वाचली की ती आपली राहत नाही.

आमचा कमरुद्दीन गोदीत माल मोजायचा आणि फावल्या वेळात इतरांची आयुष्यं. तो दापोलीचा, म्हणजे खिडकीजवळचा. तो म्हणाला, "मोहिद्दीनभाय, लिहिलंय फस्क्लास. पण शत्रू कोण ते लिहिलं नाही. त्या शत्रूचे नातू आज इथेच पेट्रोल पंपावर असतील. नाव घातलं तर भांडण, नाही घातलं तर सगळ्यांना वाटणार आपल्यालाच म्हटलंय."

शत्रू काढला. मग कोणी म्हणालं, शत्रूच नाही तर बुरूज कशाला? मग कोणी म्हणालं, मोठं छापा, ड्रायव्हरला चालत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे. आमच्या ओळखीच्या ड्रायव्हरांपैकी वाचता कोणालाच येत नव्हतं, पण तो मुद्दा कोणी उपस्थित केला नाही. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण मी रत्नागिरीच्या शाळेत पाठ केली होती. तेव्हा उंट पाहिलेला नव्हता. इथे येऊन उंटही पाहिले आणि हाकणारेही.

शेवटी मजकूर होता तसाच ठेवला, फक्त शत्रूच्या जागी 'संकटे' घातली. खाली एका लेखनिकाकडून अरबी तर्जुमा करून घेतला आणि सगळं दगडावर कोरून घेतलं. आता दगड रस्त्याच्या कडेला लावायचा, एवढंच उरलं.

रस्त्याला कड नव्हती. हे आधीच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. शारजा-अजमान रस्ता म्हणजे वाळूत उमटलेल्या टायरच्या खुणा. वारा सुटला की खुणा पुसल्या जायच्या आणि ड्रायव्हर दुसरीकडून जायचे. सोमवारी रस्ता गढीच्या डाव्या बाजूला असला तर शुक्रवारी उजव्या. मी दोन दिवस ऑफिस सुटल्यावर डोक्याला रुमाल बांधून तिथे उभा राहिलो, रस्ता नक्की कुठे राहतो ते बघायला. तिसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याने मला चुकलेला माणूस समजून जबरदस्तीने अजमानला नेऊन सोडलं. मग मी गढीच्या दारासमोर, विहिरीच्या अंगाला जिथे जमीन घट्ट होती, तिथे दगड उभा केला आणि म्हटलं, रस्त्याला यायचं तर त्याने यावं.

आणि रस्ता आला की हो. ओसाड वाळूत उभा दगड दिसल्यावर ड्रायव्हर त्याच्यावर नजर ठेवून गाडी हाकू लागले. आठवड्याभरात रस्ता माझ्या दगडाला चिकटून वाहू लागला. मी खोलीत दोन दिवस जरा छाती काढूनच वावरलो.

मग बोलावणं आलं. ज्या कचेरीतून आलं तिचं नाव मी सांगत नाही, कारण तिला नाव नव्हतं. एक खोली होती, एक पंखा, आणि पंख्याखाली एक मुन्शी. त्याने मला बसवलं, चहा दिला, माझ्या घरच्यांची विचारपूस केली, आणि मग विचारलं, "दगड कोणाच्या सांगण्यावरून लावला?"

मी सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "रस्त्यावर लिहिलेला दगड म्हणजे हद्द. शारजाची हद्द तू का ठरवतोस?"

मी म्हटलं ही हद्द नाही, इतिहास आहे. तो म्हणाला, हद्दी इतिहासातूनच निघतात. तेवढ्यात कळलं की पलीकडच्या अजमान राज्याचाही एक माणूस दगड पाहून गेला होता. दगड असायला त्याची हरकत नव्हती. फक्त तो बराच अलीकडे सरकवावा, असं त्याचं म्हणणं होतं. थोडक्यात, मी दोन खोल्या मिळवायला निघालो होतो आणि दोन राज्यांच्या मधोमध येऊन उभा राहिलो होतो. कपाळावरचा घाम पुसत मी विचारलं, आता काय करू?

"ठेव तुझा दगड," मुन्शी म्हणाला. "पण त्याला असं रूप दे की दुनियेत कोणीही त्याला हद्द म्हणणार नाही. इन्शाल्ला."

हे वाक्य मी खोलीत जसंच्या तसं आणून टाकलं. कमरुद्दीन म्हणाला, याकूबला बोलवा.

याकूब आमच्या खेडचा गवंडी. हात सोन्याचा. पण त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच काम चालत आलेलं, उरुसाच्या आधी दर्ग्यांची डागडुजी. भिंत सांगा, करील. पण नुसतं 'छान दिसेल असं कर' म्हटलं की त्याच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं. आणि मी नेमकं तेवढंच सांगितलं. त्या दिवशी ऑफिसात तीन बोटींचे कागद होते, म्हणून बघायला गेलो नाही.

गेलो तेव्हा दगडाभोवती सुबक चौथरा होता. दगडाच्या माथ्यावर सिमेंटचा लहानसा घुमट. पुढे दिवा ठेवायला कोनाडा. सगळ्याला पांढराशुभ्र चुना, आणि माझ्या इंग्रजी मजकुराला हिरवा रंग, कारण लाँचींना लावायचा तेवढाच रंग शिल्लक होता.

"हद्द वाटते का?" याकूबने विचारलं.

नव्हती वाटत. मुन्शीही पाहून गेला आणि म्हणाला, खलास, ही हद्द नाही. मग काय आहे, ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आम्ही सगळे कोकणातले. आम्हाला ते डोळ्यांना इतकं ओळखीचं वाटलं की त्यात काही चुकलंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. उलट घराच्या आठवणीने बरं वाटलं.

पहिली अगरबत्ती कोणी लावली ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका ट्रकवाल्याची गाडी कायम त्या वाटेवर वाळूत रुतायची. दगडाजवळून जायला लागल्यावर रुतेनाशी झाली. जमीन घट्ट होती म्हणून, दुसरं काही नाही. पण त्याने खजुरीला हिरवी चिंधी बांधली. मग मैमुनाबी गुडघेदुखी घेऊन गेल्या. खानावळ सोडून दुपारभर तिथल्या चौथऱ्यावर पाय पसरून बसल्या आणि परत आल्या त्या म्हणत की उतार पडला. मी म्हटलं, "खाला, बारा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही दुपारभर बसलात. गुडघा दुखेल कशाला?"

"तुला कशावर विश्वास नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तुला जेवण सोसत नाही."

मी सगळ्यांना समजावलं. तो दगड आहे, आत कोणी नाही, खाली वाळू आहे, वर माझं ड्राफ्टिंग आहे. कोणी ऐकेना. मजकूर कोणाला वाचता येत नव्हता आणि हिरवी अक्षरं तर उघड दिसत होती. बघता बघता 'बुरूजवाले बाबा' हे नाव पडलं. गुरुवारी संध्याकाळी कामगारांचे ट्रक थांबू लागले, साखर वाटली जाऊ लागली. मरियमबीची बोट कुठवर आली असेल याचा विचार करत मी त्या साखरेकडे बघायचो. इकडच्या अरबांना दर्गा-नवस असल्या गोष्टी अजिबात खपत नाहीत. आणि अर्बाब परत यायचे होते.

ते परत आले गुरुवारीच, आणि मरियमबीची बोटही गुरुवारीच. दुबईच्या खाडीबाहेर बोट नांगर टाकायची आणि माणसं लाँचीतून तिथल्या देरा भागाच्या धक्क्यावर उतरायची. मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, तर अर्बाबांचा माणूस दारात. आत्ताच्या आत्ता गढीवर चल. कमरुद्दीन म्हणाला, "तुम्ही घर सांभाळा, मी वहिनींना घेऊन येतो." इतक्या वर्षांनी बायको येणार, आणि तिच्या समोर कोण उभं राहणार, तर कमरुद्दीन. मला रडू यायचं बाकी होतं.

गढीवर अर्बाब चौथऱ्यासमोर उभे होते. हातात कुदळ. समोर मैमुनाबी, याकूब आणि ट्रकमधून उतरलेली माणसं.

"ये क्या है?" अर्बाबांनी मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "मेरा दादा पीर नहीं था. भांडखोर आदमी था. भाई से झगड़ा करके इधर आया. उसका दरगाह बनाया तूने? लोग मेरे मुँह पे हँसते हैं." त्यांनी कुदळ पुढे केली. "तोड़. अभी. फिर अपना घर दूसरी जगह ढूँढ."

मी याकूबकडे पाहिलं. याकूबने स्वतःच्या हाताने कालवलेलं सिमेंट ते. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "मोहिद्दीनभाय, मला लेकरंबाळं आहेत." ट्रकवाले वाळूकडे बघू लागले. मैमुनाबींनी गुडघा धरला.

म्हटलं ठीक आहे, शिकलेला मीच आहे. कुदळ घेतली. त्या दगडाखाली काय आहे हे जगात माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. सिमेंटची गोणी मीच आणली होती. कुदळ डोक्यावर नेली आणि ती तिथेच राहिली. हात खाली येईना. मनात म्हणालो, बाबा, हे माझ्या मनातलं नाही, अर्बाबांचं आहे. आणि मनात बाबा म्हणालो हे लक्षात आल्यावर मला स्वतःचीच इतकी शरम वाटली की कुदळ खाली ठेवून मी चौथऱ्यावर बसलो.

तेवढ्यात कमरुद्दीनची टॅक्सी येऊन थांबली. मरियमबी उतरली. बोटीने पार पिळून काढलेली, हातात पत्र्याची पेटी. तिने गर्दी पाहिली, कुदळ पाहिली, मला पाहिलं आणि सरळ म्हणाली, "अहो, हे काय मांडलंय? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं, तिथेच, सगळ्यांसमोर, घर हातचं गेलं इथपर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यावर लिहिलंय काय ते तरी वाचा."

इतक्या दिवसांत माझा मजकूर वाचून दाखव असं म्हणणारी ती पहिली. मी उभा राहिलो आणि अर्बाबांनाही कळावं म्हणून हिंदीत सांगत गेलो. सालमीन आला. सालमीनने विहीर खोदली. सालमीनने भिंत बांधली. सालमीनने बुरुजावरून संकटांना तोंड दिलं.

मरियमबीने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि अर्बाबांकडे वळली. हिंदी तिची मोडकी, पण आवाज घरातला. "चाचा, आपके दादा काम क्या करते थे?"

"मोती," अर्बाब म्हणाले. "गर्मी में समंदर. चार महीना."

"चार महीने समंदर में, तो बुरुज पे कौन था?"

अर्बाब बुरुजाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"दादी," ते म्हणाले. "बंदूक दादी के पास रहती थी. दादा को तो ठीक से चलाना भी नहीं आता था." आणि ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "मैं बच्चा था. उसके पीछे बैठता था."

मरियमबी मान हलवत होती. तिला हे कोणी सांगायची गरज नव्हती. मी इथे, माझे वडील आजारी, घरातले पुरुष सगळे बोटीवर नाहीतर आखातात, आणि गावच्या घराचं दार इतकी वर्षं तिनेच आतून लावून घेतलं होतं. ते मला तेव्हा, त्या सगळ्यांसमोर कळलं आणि फार वाईट वाटलं. एवढं ड्राफ्टिंग केलं, पण बुरुजावर कोण होतं हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"तोडू नका," ती याकूबला म्हणाली. "बाईच्या घराचा दगड आहे, घरात न्या. आत मी राहणार. मग कोण परका येतोय अंगणात?"

हे अर्बाबांना पटलं, ट्रकवाल्यांना पटलं, आणि मोडतोड नाही म्हटल्यावर याकूबलाही धीर आला. बाबांची बदली झाली म्हणून मैमुनाबींना तेवढं वाईट वाटलं, पण घरात बाईमाणूस आहे म्हटल्यावर त्यांना तरी यायला मोकळीक होती. घुमट अलगद उतरवला, चौथरा वाळूखाली गेला आणि दगड बिस्मिल्ला म्हणून सगळ्यांनी उचलून त्या बुटक्या दारातून आत नेला. ठेवताना लिहिलेली बाजू भिंतीकडे गेली. मी म्हटलं, अहो, फिरवा. याकूब म्हणाला, आता पुन्हा नाही हात लावणार. त्यामुळे माझा मजकूर तेव्हापासून भिंत वाचते आहे.

अर्बाबांनी खिशातून किल्ली काढली. मी हात पुढे केला. त्यांनी ती मरियमबीच्या हातात दिली. इकडे पुरुष आपल्या घरातल्या बायकांची नावं चारचौघांत घेत नाहीत. म्हणून ते तिच्याकडे जरा झुकले, आपल्या आजीचं नाव हलक्या आवाजात तिला सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसले.

त्या रात्री आमच्या छपराखाली परकं कोणी नव्हतं. पुढेही बरीच वर्षं नव्हतं, गुडघा घेऊन येणाऱ्या मैमुनाबी सोडल्या तर. त्या आजीचं नाव मी मरियमबीला कितीदा तरी विचारलं. गोडीत विचारलं, रागावून विचारलं, एकदा ती तापात असताना सुद्धा विचारून पाहिलं.

"सांगायचं काही नाही," ती म्हणते, "पण तुम्ही लगेच दगडावर लिहाल."